आजीच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका छापायची आहे, सुरुवात कुठून करावी?

अंत्रुजकर:
नमस्कार मंडळी. मार्चअखेरीस गोव्यातल्या आजीचं वर्षश्राद्ध आहे. तोवर घरच्यांसाठी तिच्या आयुष्यावर २६ पानांची पुस्तिका छापायची आहे. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, माहेरच्या नावाबद्दल दोन मतं, फोटो जेमतेम आठ. त्यातला लग्नातला काचेला चिकटलाय. लिहायला बसलं की 'मायाळू होती, कष्टाळू होती' याच्यापुढे सरकत नाही.

साखळीवाला:
आधी माणसं, कागद नंतर. कागद पुढच्या वर्षीही मिळतील. जावा, नणंदा, धाकट्या बहिणी, शेजारणी यांतली सर्वांत वयस्कर बाई गाठा. 'आजी कशी होती?' विचारलंत तर 'बरी होती' एवढंच हाती लागेल. चुलीला लाकडं कुठून यायची, रगड्यावर कोण बसायचं, चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) कांगलां आणि कवंडळं ही रानफळं कोण आणायचं, हे विचारा. वस्तूचं नाव काढलं की माणूस आपोआप येतो.

पंखा बंद ठेवा, त्याच्या घरघरीत म्हातारीचा बारीक आवाज बुडतो. मोबाईल हातभर अंतरावर, खाली घडी केलेला टॉवेल. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. बोलणं कोंकणीत झालं तर तिचे शब्द कोंकणीतच छापा, अर्थ हवा तर खाली मराठीत द्या.

धालोची, म्हणजे बायकांच्या पारंपरिक नाचाची, गाणी एकटीकडून मागू नका. मांडावर (नाचाच्या अंगणात) दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनं गातात, म्हणून एकटी बाई दुसऱ्या ओळीलाच अडते. साथीला दुसरी बसवा, चाल लागली की शब्द येतात.

सालं विचारू नका, घटना विचारा. पोर्तुगीज गेले (१९ डिसेंबर १९६१) तेव्हा मोठा मुलगा रांगत होता की शाळेत जात होता? गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या जनमत कौलाच्या वेळी (१६ जानेवारी १९६७) घरात किती पोरं होती? पणजीजवळचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला (५ जुलै १९८६) तेव्हा ती कुठे होती? अशा तीन-चार खुंट्या मिळाल्या की मधली वर्षं बसवता येतात.

नोंदशोधक:
माहेरच्या नावासाठी जन्माची नोंद पाहा. ती माहेरच्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे शोधायची. फार जुनी दफ्तरं पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात. पुष्कळ घरांत लग्नात नाव बदलायचे, त्यामुळे सासरच्या नावानं शोधलं तर काही सापडत नाही. दोन मतं आहेत ती कदाचित दोन्ही खरी असतील!

स्पेलिंग पोर्तुगीज धाटणीचं असतं. 'श'ला एक्स, 'के'ला क्यू-यू-ई. शंकर एक्समध्ये शोधा, केशव क्यूमध्ये. जन्माची नोंद उशिरा केलेली असू शकते. नोंदीची तारीख आणि जन्माची तारीख वेगळ्या वाचा. जन्माची नाहीच मिळाली तर लग्नाची नोंद काढा, तिथे आईवडिलांची नावं मिळतात.

जुने फोटो:
काचेचा फोटो ओढू नका. आपल्याकडच्या दमटपणानं फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काचेसकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). पासपोर्टएवढे फोटो १२०० वर. बुरशी ओल्या फडक्यानं पुसायची नाही, ती पसरते. आधी कोरड्या हवेत सुकवा, मग मऊ ब्रशनं हलकेच झटका. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात. २६ चालणार नाहीत. २४ करा किंवा २८. आणि मार्चअखेर ही तिथी भटजींकडून पक्की करून घेतलीय ना? वर्षश्राद्ध तिथीनं येतं, इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस आधीच. मध्ये अधिक मास आला तर हिशेब बदलतो. छापखान्याला तिथीच्या निदान दोन आठवडे आधी मजकूर द्या, मुद्रितं (प्रुफं) आजीच्या बहिणीला दाखवायला वेळ राहील.