गायरानावर झाडं की सोलर? मी म्हणतो, माळ माळच राहू द्या (जत, जि. सांगली)

माळवाट: पुढच्या ग्रामसभेत ठराव येतोय. गायरानाच्या 40 एकरांत निम्म्यावर वृक्षलागवड, निम्म्यावर सोलर. माझा दोन्हीला विरोध आहे. कागदावर 'पडीक' लिहिलं म्हणून ती जागा रिकामी होत नाही. मार्चात तिथून जाताना पाऊल टाकणार तोच थबकलो. धाविक पक्ष्याची दोन अंडी, मुरमाच्या खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी. काडी नाही, घरटं नाही, उघड्या जमिनीवर. चंडोल, खोकड, लांडगा हे सगळे अशाच मोकळ्या रानाचे. त्यात वीतभर मुरमाखाली कातळ. टँकर थांबला की रोपं वाळणार, आणि कुसळी-पवन्या गवतांच्या मुळांनी धरून ठेवलेली माती खड्डे काढून आपणच मोकळी करणार.

डाळिंबवाला: भाऊ, मी रात्री दोनला मोटार चालू करायला जातो. परवा बांधावर घोणस आडवी होती, बॅटरी होती म्हणून वाचलो. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं, पण दिवसा वीज कुठाय? सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतनं ती मिळणार असेल तर मी हात वर करणार. त्या योजनेत खासगी जमिनीलाही वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडं आहे. माझ्या खडकाळ तुकड्यात हुलगाही धड येत नाही. तोही पाखरांसाठी ठेवा असं कुणी म्हणणार असेल, तर त्यानं माझ्या पोरीची कॉलेजची फी कुठनं भरायची तेही सांगावं.

कृष्णाकाठ: सोलरचं राहू दे, पण झाडांना विरोध? आपल्याच जिल्ह्यातलं सागरेश्वर बघा. बोडका डोंगर होता. धों. म. मोहिते आणि लोकांनी झाडं जगवली, 1985 ला अभयारण्य झालं.

माळवाट: मोहित्यांबद्दल आदरच आहे. पण तिथला डोंगर वेगळा, हा पर्जन्यछायेतला गवताळ माळ वेगळा. इथं गवत हेच जंगल.

मिरजकर वकील: कायद्याचं थोडं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, त्यामुळं गायरान वाटेल तसं वापरता येत नाही. खासगी मालकाला स्वेच्छेनं आपली जमीन वन्यजीवांसाठी राखीव करायची सोय वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आली. मात्र एकदा घोषणा झाली की समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलत नाही. सही घेण्याआधी शेतकऱ्याला हे सांगा.

मेंढका: आमची माडग्याळी मेंढरं, 60 नग. लांडग्यानं गेल्या साली दोन कोकरं नेली, माझी आई दोन दिवस जेवली नाही. तरी मी माळाच्या बाजूनं. मागच्या लागवडीला तारेचं कुंपण झालं आणि आम्हाला पाण्यावर जायला तीन मैलांचा वळसा पडला. कुंपणाच्या आत गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं, त्यांना आमची मेंढरं तोंड लावत नाहीत. पूर्वी निम्मं कुरण दिवाळीपर्यंत बंद असायचं, मग गवताचा लिलाव. पैसा गावाला, चारा सगळ्यांना. तेच परत करा की.

डाळिंबवाला: हे पटण्यासारखं आहे. पण वीज सोडणार नाही. गायरानाच्या वरच्या अंगाला मुरूम काढून काढून जो खड्डा झालाय तिथं गवतही नाही, अंडीही नाहीत. पॅनेल तिथं बसवा, कमी पडलं तर माझा तुकडा घ्या. खालचं कुरण तुमचं. ग्रामसभेत गट नंबर आणि नकाशा घेऊन या. नुसतं 'माळ वाचवा' म्हणालात तर मी विरोधात.

माळवाट: नकाशा रविवारी काढतो. मेंढक्या, कुरणाची जुनी हद्द तुझ्या वडिलांना माहीत असेल. त्यांना घेऊन ये.