जुना मोठ्या पडद्याचा लॅपटॉप : तुम्ही काय बदलले?

नौपाडा, ठाणे (धागाकर्ता) : सतरा इंची जुना लॅपटॉप अजूनही वापरणाऱ्यांनी कृपया आपले अनुभव इथे लिहावेत. माझ्याकडे २०११ सालचा एचपी पॅव्हिलियन डीव्ही७ आहे. १७.३ इंची पडदा आणि उजवीकडचा स्वतंत्र आकडेफलक यांमुळे हिशेबाच्या कामाला तो आजही सोयीचा वाटतो. त्यात हार्ड डिस्कसाठी दोन खण आहेत, परंतु दुसरा वापरायचा तर त्याची केबल आणि पट्ट्या वेगळ्या मिळवाव्या लागतात. पहिल्या खणात एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) बसवली आणि जुनी डिस्क दुसऱ्यात हलवली. ७ मिमी जाडीची एसएसडी ९.५ मिमीच्या खणात सैल राहते, म्हणून मध्ये अडीच मिमीची प्लॅस्टिकची चौकट घातली. इतका फरक दुसऱ्या कोणत्याही बदलाने पडला नाही.

ऐरोली : ज्यांच्याकडे एकच खण आहे त्यांनी डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (त्या जागेत डिस्क बसवण्याची चौकट) बसवावी. कॅडी १२.७ आणि ९.५ मिमी अशा दोन जाड्यांत मिळते, तेव्हा आधी ड्राइव्ह मोजून घ्यावा. एसएसडी मात्र मूळ खणातच ठेवावी. माझ्या एचएम६५ चिपसेटवर (मदरबोर्डवरील मुख्य नियंत्रक चिप) सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे सॅटा पोर्ट (डिस्क जोडण्याच्या जागा) दोनच असून डीव्हीडीची जागा त्यांपैकी एकावरही नाही.

नेरूळ : रॅम घेताना व्होल्टेज अवश्य पाहावे. डीडीआर३ या प्रकारच्या रॅमला १.५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते. डीडीआर३एल सहसा दोन्हीकडे चालते. पण चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची रॅम चालत नाही. दुकानात मागितलेली रॅम हाती आली तरी तिच्या लेबलावर ‘पीसी३एल’ (म्हणजे डीडीआर३एल) आहे का, हे मी स्वतः वाचल्याशिवाय पैसे देत नाही.

घोडबंदर रोड : आमच्याकडे धूळ फार. पंखा उघडला तेव्हा जाळीच्या तोंडाशी धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला होता. तो काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलल्यावर तापणे थांबले.

वाशी : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, जे माझ्या यंत्रात नाही. म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. वायफाय, आवाज, देवनागरी टंकलेखन सारे चालते. बॅटरी गेली आहे, पण एवढे जड यंत्र टेबलावरच राहते, त्यामुळे नवी घेतली नाही.