कचरा उडवताना चांगला लेख उडाला. तुम्ही कसं तपासता?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आम्ही सहा डेव्हलपर मिळून प्रोग्रॅमिंगवरच्या मराठी लेखांचं संकेतस्थळ चालवतो. आलेले लेख तपासायचं काम माझ्याकडं. ‘पायथन शिकण्याचे दहा फायदे’ हा एकच लेख या महिन्यात तीन नावांनी आला. तिन्हींत कर्ज देणाऱ्या ॲपची लिंक, एकात तर ती नुसत्या पूर्णविरामाला लावलेली. असले उडवताना हात थरथरत नाही.

त्रास होतो तो पोकळ लेखांचा. परवा एकात पिपनं, म्हणजे पायथनमध्ये दुसऱ्यांचा तयार कोड उतरवून घ्यायच्या साधनानं, इन्स्टॉल करायला सांगितलेलं पॅकेज अस्तित्वातच नव्हतं. चॅटबॉटनं नाव रचलं, लेखकानं चालवून न बघता चिकटवलं. उद्या त्याच नावानं कुणी घातक पॅकेज चढवलं तर वाचणाऱ्याचं मशीन गेलं.

या रागात मी एका मुलीचा पहिलाच लेख उडवला. भाषा अडखळती, खाली वडिलांच्या छापखान्याची लिंक, म्हणून पुढं वाचलंच नाही. रात्री रद्द यादीत परत बघितला. जुन्या फॉन्टमधल्या लग्नपत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या संगणकी पद्धतीत, आणायचा प्रोग्रॅम आहे तो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवतात. मग ‘स्थिती’सारख्या शब्दात ती ‘स्’नंतर ठेवायची की ‘थ’नंतर, यावर तिनं पानभर लिहिलंय. मला रात्री झोप लागली नाही. असं परत होऊ नये म्हणून काय करू?

गोकुळ शिरगाव
आधी लिंकचा बंदोबस्त करा. कॉमेंटमधल्या स्पॅमवर उपाय म्हणून गुगलनं २००५ च्या जानेवारीत ‘नोफॉलो’ आणलं (ही लिंक क्रमवारीत धरू नका असं शोधयंत्राला सांगणारा टॅग), २०१९ मध्ये वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी ‘यूजीसी’. नव्या खात्यांच्या सगळ्या लिंकांना हे लावून टाका. स्पॅम यायचा थांबणार नाही, टाकणारे प्रोग्रॅम टॅग बघत बसत नाहीत. पण निव्वळ लिंक दिसली म्हणून लेख उडवायची पाळी तुमच्यावर येणार नाही.

राजारामपुरी, आठवी गल्ली
दादा, मी कॉलेजात शिकवते. मोजून बक्षीस दिलं की कचरा येतोच. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे खुल्या प्रकल्पांना कोडची मदत करायचा दर ऑक्टोबरातला उपक्रम. २०२० मध्ये तिथं चार पुल रिक्वेस्टवर, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा चार विनंत्यांवर, टी-शर्ट होता. लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत, एखादा शब्द घालून रिक्वेस्टांचा पाऊस पाडला. शेवटी ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिलाय तिथल्याच मोजायच्या, असा नियम त्याच महिन्यात करावा लागला. आमच्याकडंही तीन लेखांना गुण होते आणि पोरं तीन चिकटवायची. आता मी एकच मागते आणि त्यात अडलं काय ते लिहायला लावते: एरर जशीच्या तशी, करून बघितलेले उपाय, सुटलं कशानं. एकानं शिरोलीतल्या फौंड्रीच्या वजनकाट्यावर लिहिलं. स्क्रीनवर नुसती चित्रविचित्र अक्षरं यायची. दोन दिवसांनी कळलं, काटा २४०० बॉडवर (बॉड म्हणजे माहिती पाठवायचा वेग) पाठवतोय आणि प्रोग्रॅम ९६०० वर वाचतोय. भाषा ओबडधोबड होती, मी पूर्ण गुण दिले.

त्या मुलीला फोन करा. ईमेल नको.

उत्तरेश्वर
ताईंशी सहमत, पण चॅटबॉट वापरला एवढ्यावरनं कुणाला बाद करू नका. लिहायची भीती असलेली पोरं भाषा नीट करायला तो वापरतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानं डिसेंबर २०२२ मध्ये चॅटबॉटच्या उत्तरांवर बंदी घातली, कारण दिसायला बरोबर पण चुकीची उत्तरं तपासायच्या पलीकडं गेली होती. तुमच्याकडं तेवढा लोंढा नाही, सहा माणसं आहेत. कोड चालवून बघा. चालला नाही तर एका ओळीत कारण लिहून परत पाठवा.

शाहूपुरीकर
फोन केला. वडिलांनी उचलला, मी आधी त्यांचीच माफी मागितली. लेख परत लावलाय, छापखान्याच्या लिंकसकट. रफार कसा सरकवायचा ते तिचं अजून सुटायचंय. रविवारी मी छापखान्यात जाऊन तिच्याबरोबर बसणार आहे.