पहिल्यांदाच एकटी परदेशी चालले, व्हॉलंटियर म्हणून. केनियात उतरल्यावर न्यायला कोण आलंच नाही तर?

नंदगडची_पोर:
नमस्कार. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, बीएड झालंय, दोन वर्षं गणित शिकवलं. आता 3 महिन्यांसाठी केनियात किसुमूजवळच्या एका शाळेत व्हॉलंटियर म्हणून जायचं ठरलंय, जुलैत. पगार नाही, राहणं-जेवण त्यांच्याकडं. विमान रात्री अडीचला नैरोबीला उतरतंय आणि "न्यायला कोणीतरी येईल" एवढंच त्यांनी कळवलंय. आजवर एकटी गेले ती फक्त पुण्याला, रात्रीच्या बसनं, तिथं पण आत्या स्टँडवर उभी होती. आई कुंद्याचे डबे भरालीय, बाबा काय बोलत नाहीत, नुसतं बॅगेकडं बघतात. कुणी असं गेलंय काय?

निपाणीचा_गडी:
मी गेलोतो, 6 महिने, बोअरवेलच्या कामाला, असाच फुकट. पहिलं सांग, पिवळ्या तापाची लस घेतलीस काय? जायच्या 10 दिवस तरी आधी घ्यावी लागते, आणि खरी अडचण परत येताना होते, इकडं उतरताना लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड नसलं तर 6 दिवस क्वारंटाइन. मी चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात घेतली, तू जायच्या आधी फोन कर. दुसरं म्हणजे 2024 पासून तिकडं व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए आहे, म्हणजे जायच्या आधी काढायची परवानगी, पण ते फिरायला जाणाऱ्यांचं, फुकट शिकवलं तरी त्यांच्या लेखी ते कामच, त्याचा पास काढलाय काय ते संस्थेला आत्ताच लिहून विचार.
कोण नाही आलं तर बाहेर पडायचंच नाही. आतच पासपोर्ट दाखवून सिम घे, फोन लाव, उचलला नाही तर उजाडेपर्यंत खुर्चीवर बसून राहा. बाहेर "टॅक्सी टॅक्सी" करत हात धरणारे असतात, त्यांच्या मागनं जाऊ नको.

शहापूरची_काकू:
अगं पोरी, "कोणीतरी" चालणार नाही, त्या माणसाचं नाव, फोटो, गाडीचा नंबर मागून घे, लाजू नको. आणि आईला सांग कुंदा खव्याचा, तिकडं पोचेपर्यंत आंबेल, त्यापेक्षा गोकाकचं करदंट दे. प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत, तिकडं 2017 पासून बंदी आहे, माझ्या भाच्याच्या सगळ्या पिशव्या विमानतळावर काढून घेतल्या, चिवडा हातात. स्वेटर वरच ठेव, नैरोबी बेळगावच्या दुपटीपेक्षा जास्त उंचीवर, जुलैत गारठा असतो. किसुमू मात्र तळ्याकाठी, तिथं मलेरिया, डॉक्टरला विचारून गोळ्या घे.

नंदगडची_पोर:
लस राहिलीय!! उद्याच फोन करते. भाषेचं काय हो? इंग्लिश वर्गापुरतं जमतं, बाजारात काय बोलू?

निपाणीचा_गडी:
खानापूरची असून हे विचारालीस? कन्नड येत नसताना सरकारी फॉर्म कसा भरून घेतलास, तसंच तिथं. गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा, चपातीला चपातीच म्हणतात. फक्त वेळ सांभाळ. स्वाहिलीत तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. मला म्हाताऱ्यानं "सा तातू" म्हटलं, म्हणजे तीन वाजता, मी दुपारी तीनला साहित्य घेऊन हजर, तर ते सकाळी नऊलाच येऊन, वाट बघून, गेलेले. त्या दिवशी भोक काय पडलं नाही जमिनीला.

शहापूरची_काकू:
आणि पोचल्याचा फोन आधी बाबांना कर, आईला नंतर. बोलत नाहीत त्यांनाच जास्त लागतं ते.

नंदगडची_पोर:
काकू 🙏 मेल केला, ड्रायव्हरचं नाव आणि फोटो आला, पासाचा अर्ज पण त्यांनी केलाय म्हणे, कॉपी मागितलीय. लसीला सोमवारी जायचंय, बाबा म्हणाले मी येतो. आज ते बॅग घेऊन गिरणीत गेले आणि काट्यावर ठेवून आले, 27 किलो. तिकिटावर 23 आहे. त्यातले 5 किलो नुसती नाचणी आणि मेतकूट, आता आईला कोण सांगणार.