प्रतिसाद: पहिल्या बायकोला विचारलं होतं का?

ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे, त्यात म्हटलंय की आफ्रिकेत बहुपत्नीत्व ‘सगळ्या समाजाला मान्यच’ आहे. मला हे पटत नाही. दक्षिण आफ्रिकेतलं एक प्रकरण बघा. त्सोंगा समाजातली एक बाई, लग्न 1984 चं. 2009 मध्ये नवरा गेला. लग्नाची नोंद करायला गेली, तर दुसरी एक बाई त्याच माणसाची बायको म्हणून नोंद मागत होती! सांविधानिक न्यायालयाने चालीरीत नेमकी काय हे त्सोंगा जाणकारांकडून मागवलं. दुसरं लग्न करताना पहिलीला सांगायलाच हवं, यावर बहुतेकांचं एकमत. ती नाही म्हणाली तर काय, यावर मात्र मतं वेगवेगळी. म्हणजे रूढी काही दगडावर कोरलेली नव्हती. 2013 मध्ये निकाल लागला: पहिलीची संमती नव्हती, म्हणून दुसरं लग्न अवैध. मला निकाल योग्यच वाटतो, पण त्या दुसरीचाही जीव तुटला असेल हो.

केनियात 2014 मध्ये उलटं झालं. नव्या विवाह कायद्यातलं नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला पहिल्या बायकोने हरकत घेण्याचं कलम पुरुष खासदारांनी काढून टाकलं आणि महिला खासदार सभागृहातून उठून गेल्या. त्यासुद्धा त्याच समाजातल्या ना?