बॅच जॉबला 'घाणा' म्हणावं काय?

आर्वीकर: जिनिंगच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. दिवसभराच्या काटापट्ट्या (कापसाच्या वजनाच्या पावत्या) रात्री दोनला एकदमच जमाखर्चात जातात. नव्या पोरांसाठी टेस्टिंगच्या सेटिंगचं टिपण मराठीत लिहितोय. अशा एकगठ्ठा कामाला, म्हणजे 'बॅच जॉब'ला, 'तुकडीकार्य' लिहिलं, तर एकानं विचारलं, "अ तुकडी का ब?" दुसरा शब्द सुचवा.

झणझणीत: घाणा! कढईत एका वेळी जातात तेवढे भजे म्हणजे एक घाणा. चंक म्हणजे एका वेळी उचललेला गठ्ठा; चंक साइज १०० म्हणजे घाण्यात शंभर पावत्या.

शुद्धमती: घाणा तेल्याचा. 'गटप्रक्रिया' म्हणा. आणि डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटला 'विकास पर्यावरण'.

झणझणीत: ते वाचून पोरं झाडं लावायला निघतील.

दारव्हेकर: इंग्रजी बॅचचं नातंही 'बेक'शीच आहे. एका भट्टीत भाजलेले पाव ती बॅच. मग घाण्यानंच काय घोडं मारलं?

आर्वीकर: घाणा पटतोय. एक पावती फसली की तेवढा चंक मागं फिरतो, आधीचे जमा झालेले तसेच राहतात. म्हणून टेस्टला चंक ३ ठेवतो आणि पाचवी पावती मुद्दाम बिनवजनाची टाकतो. पहिल्या तीन जमा दिसल्या पाहिजेत, चौथी नाही. एसएमएस मात्र आधी बंद करायचे, नाहीतर खऱ्या शेतकऱ्याला खोट्या रकमेचा निरोप जातो.

कास्तकार_पोट्टा: पाळी म्हणा ना बाप्पा. डवऱ्याची पाळी, ओलिताची पाळी. वेळ झाली का येते.

झणझणीत: आणि स्क्रीनवर 'पाळी चुकली' आलं तर? ऑफिसात बायकाही बसतात, भाऊ.

शुद्धमती: शिवाय पाळी म्हणजे क्रम. माल नव्हे.

दारव्हेकर: तर मग शेड्यूलला पाळी आणि मालाला घाणा.

आर्वीकर: शेड्यूलचीच तर गंमत आहे. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मिनिट ०, तास २ टाकला, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजतात.

कास्तकार_पोट्टा: साडेसातले? तवा तं आमची लाईन जाते.

शुद्धमती: लाईन नव्हे, वीज.

कास्तकार_पोट्टा: वीज आभायातून पडते जी. पंपाले लाईनच लागते.

झणझणीत: पडते ती ईज. वीज फक्त बिलावर असते.

आर्वीकर: बरं, टिपणात काय लिहू?

शुद्धमती: 'ईज' हा अपभ्रंश आहे.

कास्तकार_पोट्टा: तुमच्याकडं असंन.