मदत हवी आहे: टू-व्हील ड्राइव्ह एक्सयूव्ही ७०० आणि घरचे सहाजण, स्पितीहून कुंझुममार्गे परतावं का?

मंडळी, सल्ला हवाय.

सप्टेंबरच्या शेवटी पुण्याहून हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात जायचं ठरतंय. गाडी एक्सयूव्ही ७००, डिझेल ऑटोमॅटिक, पण फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. रोजचा वापर ऑफिस, शाळा आणि अधूनमधून सातारा एवढाच, म्हणून ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली नव्हती. सोबत बायको, दोन मुलं आणि आई-बाबा. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत.

जाताना सिमला, कल्पा, ताबो, काझा. त्या बाजूची फारशी काळजी नाही. प्रश्न परतीचा आहे. काझाहून कुंझुम पास (खिंड), बातल, ग्रांफू करत मनालीला उतरावं, की आल्या वाटेने, म्हणजे कल्पाच्या किन्नौर जिल्ह्यातूनच मागे फिरावं? मुलांनी कुंझुमजवळच्या चंद्रताल तलावाचा ध्यास घेतलाय.

धास्ती का वाटते ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूला, एका मुरमाच्या चढावर गाडी थांबली. सगळे आत बसलेले, डिकी भरलेली. पुढचं डावं चाक जागच्या जागी फिरतंय, ईएसपीचा (चाक घसरलं की इंजिनाची ताकद कमी करणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लुकलुकतोय आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिन दबल्यासारखं. घरचे खाली उतरले, मी थोडी मागे घेतली, ईएसपी बंद करून पहिल्या गिअरमध्ये हळूच चढवली, आणि निघाली. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: हेच बातलच्या अलीकडे चढावर झालं तर? तिथे आई-बाबांना थंडीवाऱ्यात उतरवून दगडांतून चालायला कसं लावणार?

ग्राउंड क्लिअरन्सबद्दलही (गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच, त्याबद्दल) सांगा. कागदावरचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. सहा माणसं आणि सामान भरल्यावर मागची बाजू किती बसते, याचा कुणाला अनुभव आहे का? शिवाय १८ इंची चाकं, टायरची भिंत बुटकी आणि स्टेपनी बारीक, तात्पुरती. त्या रस्त्यावर साईडवॉल फाटली तर त्या स्टेपनीवर मनाली गाठता येईल असं मला वाटत नाही.

---

प्रतिसाद १

त्या वाटेवर छोट्या हॅचबॅकही जातात, त्यामुळे गाडी जाईल का हा प्रश्नच नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वजन घेऊन, यावर सगळं आहे.

चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. तुमच्या गाडीची ताकद नेमकी त्याच चाकांना. केळदला माणसं उतरल्यावर चढली ती म्हणूनच. तेव्हा सर्वात मागच्या सीटच्या पाठी जड बॅगा रचू नका. जड सामान मधल्या रांगेच्या पायाशी ठेवा आणि छतावर कॅरिअर अजिबात नको.

रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचं पाणी बर्फ वितळून येतं. सकाळी कमी, दुपारनंतर वाढत जातं. काझाहून उजाडायच्या आत निघा. पाण्यात शिरण्याआधी पुढची गाडी कुठून जाते ते बघा. मग पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये थांबायचं नाही. उतारावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर ठेवा, नाहीतर ब्रेक तापतील.

दगडांच्या पट्ट्यात टायरची हवा ३३ पीएसआयची २८ पर्यंत आणा. त्याखाली नको, बुटक्या टायरला रिम आपटते. नंतर भरायला पंप जवळ हवाच. डिझेलची टाकी काझालाच फुल्ल करा.

---

प्रतिसाद २

गाडीपेक्षा मला बाबांची चिंता वाटते. किन्नौरमार्गे चढणार आहात ते उत्तम, कारण शरीराला वेळ मिळतो. मनालीहून थेट काझा म्हणजे साधारण २,००० मीटरवरून एका दिवसात ३,७०० च्या आसपास, तेही कुंझुमच्या सुमारे ४,५५० वरून. तुमच्या उलट्या क्रमात हा त्रास कमी होतो. पण चंद्रताल ४,२५० मीटरच्या वर आहे. तिथे तंबूत रात्र काढायची नाही. बीपीच्या गोळ्या चालू असताना डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय असं झालं तर त्याच दिवशी खाली उतरायचं, उद्या बघू म्हणायचं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. काझाहून स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करा, त्यातून मुलांना चंद्रताल दाखवून संध्याकाळी परत या. आई-बाबा काझालाच आराम करतील. तुमची गाडी किन्नौरातून परत न्या. नदीच्या गोट्यांवर आपटून ऑइल संप (इंजिनखालची तेलाची टाकी) फुटला तर सुट्टीही गेली आणि गाडी ट्रकवर चढवावी लागेल.

---

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टॅक्सीची कल्पना घरात सर्वांना पटली, आईला तर फारच. बायको म्हणते ती काझाला आई-बाबांसोबत थांबेल, तिला काझाजवळचा ‘की’ नावाचा बौद्ध मठ निवांत बघायचाय. परत किन्नौरमार्गेच यायचं, हे आता पक्कं.

तरी टायरचं राहिलंच. याच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला १७ इंची चाकं येतात, २३५/६५ (रुंदी २३५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ६५ टक्के). माझी २३५/६० आर १८. हिशोब केला तर बाहेरचा व्यास जेमतेम २ मिलिमीटरने कमी, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही, आणि रबराची भिंत सेंटीमीटरहून जास्त उंच मिळते. सहलीपुरत्या पाच स्टीलच्या रिम्स घेऊन ऑल-टेरेन (खडबडीत रस्त्यावरही चालणारे) टायर चढवावेत, पाचवी पूर्ण मापाची स्टेपनी म्हणून, असा विचार आहे. कुणी केलंय का? हायवेवर आवाज आणि मायलेज यांत किती फरक पडला? आणि ती पाचवी डिकीखालच्या जागेत बसते, की आतच ठेवावी लागते? आत ठेवायची तर सहा माणसांचं सामान कुठे जाणार, हे मला अजून सुचलेलं नाही.